पेरो आणि नेडर: मतं दोघांनी घेतली, निकाल एकानेच फिरवला

अमेरिकेतल्या तिसऱ्या उमेदवाराचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात. रिपब्लिकन सांगतात, १९९२ मध्ये रॉस पेरो उभे राहिले म्हणून थोरले बुश हरले. डेमोक्रॅट सांगतात, २००० मध्ये राल्फ नेडर नसते तर अल गोर राष्ट्राध्यक्ष झाले असते. ऐकणारे दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवतात. पहिला दावा आकड्यांपुढे उभा राहत नाही. दुसरा राहतो.

नियम आपल्या ओळखीचाच आहे. निम्म्याहून जास्त मतांची अट नाही, सर्वाधिक मतं घेईल तो जिंकला. फक्त तिथे हा हिशेब राज्याराज्यात होतो, आणि जवळपास सगळीकडे जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी त्या राज्याच्या वाट्याची मतं, मिळतात. एवढं पुरे.

गोंधळ होतो तो पुढे. तिसऱ्याची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त दिसली की लोक म्हणतात, यानेच पाडला. हा हिशेब अर्धवट आहे. तो उमेदवार नसता तर त्याचे सगळेच्या सगळे मतदार हरलेल्याकडे गेले असते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तसं कधीच होत नाही. काही इकडे जातात, काही तिकडे, बरेचजण घरी बसतात. म्हणून फरकाला तिसऱ्याच्या मतांनी भागा. निकाल फिरायला त्याच्या शंभर मतदारांमागे हरलेल्याला किती मतांची आघाडी हवी होती, ते कळतं. मग ते मतदार खरोखर तेवढे एका बाजूला झुकलेले होते का, हे पाहा.

पेरोंना देशभर १ कोटी ९७ लाख मतं पडली, जवळपास १९ टक्के. जिंकलेले डेमोक्रॅट बिल क्लिंटन आणि बुश यांच्यातला फरक होता सुमारे ५८ लाखांचा. म्हणजे शंभर पेरो-मतदारांमागे बुश यांना २९ची आघाडी हवी होती. मतदान करून बाहेर पडलेल्या पेरो-मतदारांना विचारलं, तेव्हा दोघांकडे जाणारे जवळपास सारखेच निघाले, प्रत्येकी ३८ टक्क्यांच्या आसपास. आघाडी शून्य. शिवाय पेरोंनी जुलैत माघार घेतली होती आणि १ ऑक्टोबरला ते परत आले. मधल्या काळात ते रिंगणात नव्हते, तरी चाचण्यांमध्ये क्लिंटनच पुढे होते. बुश यांना भोवली ती मंदी आणि मोडलेलं वचन. १९८८ मध्ये 'नवे कर नाहीत' असं ठणकावून सांगितलं आणि १९९० मध्ये करवाढीला मान्यता दिली. त्याचं खापर पेरोंवर फोडणं मला अजिबात पटत नाही.

नेडर यांना देशभर २.७ टक्केच मतं होती. आकडा लहान म्हणून परिणामही लहान, असं समजणारे इथेच चुकतात. फ्लोरिडात धाकटे बुश ५३७ मतांनी जिंकले, नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती. भागाकार करा: हजार नेडर-मतदारांमागे गोर यांना सहाची आघाडी पुरली असती. पण सगळे नेडरवाले गोर यांचेच होते, हे डेमोक्रॅटांचं म्हणणंही खरं नाही. फ्लोरिडातल्या प्रत्यक्ष मतपत्रिका तपासून झालेल्या अभ्यासात त्यातले सुमारे ४० टक्के बुश यांच्याकडे झुकलेले निघाले. तरीही ६० विरुद्ध ४० म्हणजे शंभरामागे वीस. हवे होते एकाहूनही कमी.

फ्लोरिडाऐवजी न्यू हॅम्पशायर राज्य जिंकलं असतं तरी गोर यांना पुरलं असतं. पण तिथे फरक ७,२११चा आणि नेडर यांची मतं २२,१९८, म्हणजे शंभरामागे ३२ हवे होते. तिथे मी नेडर यांना दोष देणार नाही. फ्लोरिडातही दोष एकट्या त्यांचा नाही. तिथल्या प्रत्येक लहानसहान उमेदवाराला ५३७पेक्षा जास्त मतं होती, आणि गोर यांनी त्यांचं स्वतःचं टेनेसी राज्य राखलं असतं तर फ्लोरिडाची गरजच पडली नसती.

हाच भागाकार आपल्याकडे लावा. २०१९च्या लोकसभेत सांगलीत वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांना तीन लाखांहून थोडी जास्त मतं पडली आणि 'वंचितने विशाल पाटलांना पाडलं' हे वाक्य रूढ झालं. जिंकलेल्या भाजप उमेदवाराशी पाटलांचा फरक १,६४,३५२चा होता. शंभरामागे ५५ची आघाडी हवी, तीही आधी भाजपमध्ये असलेल्या आणि पुढे भाजपमध्येच परतलेल्या नेत्याच्या मतदारांकडून. मी हे मानत नाही. त्याच वर्षी औरंगाबादला शिवसेनेचे चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले. शिवसेनेचे माजी आमदार हर्षवर्धन जाधव अपक्ष लढले आणि त्यांनी २,८३,७९८ मतं घेतली. इथे शंभरामागे दोनही पुरले असते. हे औरंगाबाद म्हणजे आपलं फ्लोरिडा. सांगलीला त्याच रांगेत बसवणं चूक आहे.

माझं ठाम मत आहे की मतदाराची दुसरी पसंती मतपत्रिकेवरच घ्यावी. मेन राज्यात, जिथे पेरो बुश यांच्याही पुढे दुसरे आले होते, २०२० पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी पसंतीक्रमाने मतदान होतं. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत मतदार कित्येक वर्षं १, २, ३ असे आकडे लिहीत आले आहेत. तिथे तिसऱ्याची मतं कुठे गेली असती, याचा अंदाज बांधावा लागत नाही. तो बाद झाला की त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते.