तेरीज (लहान व्यवसायाचे हिशेब)

तेरीज : खतावणीतील, म्हणजे सर्व खाती असलेल्या मुख्य वहीतील, खात्यांच्या बाक्या एका ठरावीक तारखेला एका कागदावर उतरवून, नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का हे पाहण्यासाठी केलेली यादी. हिशेबनिसांच्या बोलण्यात तिला सर्रास ‘ट्रायल बॅलन्स’ म्हणतात. जुन्या मराठी दप्तरी भाषेत तेरीज म्हणजे हिशेबाचा गोषवारा, आणि तो अर्थ आजही चपखल बसतो. वर्षभरातल्या शेकडो पावत्या, बिले आणि धनादेश आटून आटून शेवटी पंधरा-वीस ओळींत येतात. तेरीज हे स्वतः खाते नसते. तिच्यात काहीही खतावले जात नाही. नफा-तोटा खाते आणि ताळेबंद मात्र तिच्यावरूनच उभे राहतात, त्यामुळे तिच्यात राहिलेली चूक पुढे दोन्हींकडे जाते.

जुळणीचे तत्त्व द्विनोंदी पद्धतीतून आलेले आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात आणि दोन्ही सारख्याच रकमेने लिहायची असतात. म्हणून सर्व नावे रकमांची बेरीज सर्व जमा रकमांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. इटलीतील व्यापारी ही पद्धत आधीपासून वापरत होते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि गणिताचा शिक्षक लुका पाचोली याने 1494 मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. कच्ची टिपणवही, रोजकीर्द (तारखेवार नोंदींची वही) आणि खतावणी अशा तीन वह्या त्याने सांगितल्या आहेत. खतावणी बंद करताना नावे बाजूच्या बेरजा कागदाच्या डावीकडे आणि जमा बाजूच्या उजवीकडे उतरवून दोन्हींची एकूण बेरीज ताडून पाहावी, ती जुळली नाही तर चूक कसून शोधावी, असे तो बजावतो. एकाने रोजकीर्द वाचावी, दुसऱ्याने खतावणीत ती नोंद शोधून खूण करावी, ही पडताळणीची रीतही त्याच्याकडे आहे. पाच शतकांनंतरही हातातला हिशेब तपासण्याची याहून खात्रीची रीत नाही.

मराठीतून हिशेब शिकणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो ‘जमा’ या शब्दाचा. व्यवहारात पैसे आले की आपण ‘जमा झाले’ म्हणतो, आणि रोख पुस्तकात तर आलेली रोकड नावे बाजूला लिहावी लागते. जुन्या रोकडवहीत आलेली रक्कम जमेकडेच दिसते, कारण तिथे देणाऱ्याचे नाव लिहिलेले असते : रक्कम त्याच्या खाती जमा. द्विनोंदीत त्याच व्यवहाराचे दुसरे अंगही लिहायचे असते, आणि येणारी वस्तू, म्हणजे रोकड, नावे पडते. बँकेच्या पासबुकात आपली शिल्लक ‘जमा’ दिसते आणि आपल्या वहीत बँक खाते ‘नावे’ असते, त्याचेही कारण हेच. पासबुक हा बँकेच्या खतावणीतला आपल्या खात्याचा उतारा आहे. बँकेच्या दृष्टीने आपण धनको, म्हणजे जिचे देणे आहे ती व्यक्ती. हे एकदा मनात बसले की व्यक्तिगत (माणसे, संस्था), मालमत्ता आणि नामधारी (खर्च-उत्पन्न) खात्यांचे नियम घोकावे लागत नाहीत.

व्यवहार वहीत येतो तो प्रमाणकाच्या आधारे. बिल, पावती, धनादेशाची स्थळप्रत, बँकेत भरणा केल्याची चिठ्ठी, यांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय नोंद करू नये, हा नियम लहान व्यवसायात सर्वांत जास्त मोडला जातो. तिथे मालक, विक्रेता आणि हिशेबनीस बहुधा एकच माणूस असतो आणि खिशातला पैसा कोणाचा हे त्यालाच संध्याकाळपर्यंत आठवत नाही. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कम उचल खात्यात न जाता किरकोळ खर्चात गेली, तर तेरीज जुळेल, पण व्यवसायाचा नफा खोटा निघेल. प्रमाणकांना क्रमांक देऊन ती तारखेवार लावून ठेवली, तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. ग्राहकाकडून विक्रीबरोबर वसूल केलेला कर हे उत्पन्न नसून देणे आहे, तेही इथेच वेगळे काढावे. मागाहून विक्री खात्यातून तो निवडून काढणे फार जिकिरीचे जाते.

उधार खरेदी खरेदी पुस्तकात, उधार विक्री विक्री पुस्तकात, परत आलेला-गेलेला माल आपापल्या परत पुस्तकात, रोख आणि बँकेचे व्यवहार रोख पुस्तकात, बारीकसारीक खर्च किरकोळ रोख पुस्तकात आणि यांपैकी कशातच न बसणारे व्यवहार मुख्य रोजकीर्दीत लिहितात. यंत्र उधारीवर घेतले तर ते खरेदी पुस्तकात जात नाही. ते पुस्तक फक्त विक्रीच्या मालासाठी असते.

या पुस्तकांतून खात्यांत नोंदी नेणे म्हणजे खतावणी करणे. समजा, पुरवठादाराकडून 45,000 चा माल उधारीवर आला. बिल त्याच दिवशी खरेदी पुस्तकात लिहिले जाते आणि पुरवठादाराच्या खात्यात 45,000 जमा पडतात. खरेदी खात्यात मात्र त्या दिवशी काहीच जात नाही. महिनाअखेरीस खरेदी पुस्तकाची एकूण बेरीज मारून ती एकरकमी खरेदी खात्याला नावे टाकतात. म्हणून महिन्याच्या मध्येच काढलेली तेरीज जुळत नाही, आणि नवा हिशेबनीस नसलेली चूक शोधत बसतो. खतावताना रोजकीर्दीत खातेपान क्रमांक आणि खात्यात रोजकीर्दीचे पान लिहायचे असते. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण काम मध्येच थांबले तर कुठपर्यंत खतावले हे तोच सांगतो.

एका शिवणकामाच्या लहान व्यवसायाचा पहिला महिना पाहू. मालकाने 2,00,000 भांडवल बँकेत भरले. 80,000 ची यंत्रे धनादेशाने घेतली, 45,000 चे कापड उधार आणले, गल्ल्यासाठी बँकेतून 10,000 काढले. उधार विक्री 36,000 आणि रोख विक्री 22,000 झाली. भाडे 12,000 बँकेतून दिले. ग्राहकांकडून 20,000 बँकेत आले, पुरवठादाराला 25,000 बँकेतून दिले. किरकोळ खर्च 3,000 आणि मालकाची उचल 5,000, दोन्ही रोख. प्रत्येक खात्याची बाकी काढली की तेरीज अशी होते (ऋणको म्हणजे पैसे येणे असलेले ग्राहक, धनको म्हणजे पैसे देणे असलेले पुरवठादार) :

| खाते | नावे बाकी | जमा बाकी |
|---|---|---|
| भांडवल | | 2,00,000 |
| उचल | 5,000 | |
| बँक | 93,000 | |
| रोख | 24,000 | |
| यंत्रे | 80,000 | |
| खरेदी | 45,000 | |
| विक्री | | 58,000 |
| ऋणको | 16,000 | |
| धनको | | 20,000 |
| भाडे | 12,000 | |
| किरकोळ खर्च | 3,000 | |
| एकूण | 2,78,000 | 2,78,000 |

ही बाकी पद्धत झाली. खात्याच्या दोन्ही बाजूंच्या एकूण बेरजा मांडण्याचीही एक पद्धत आहे, पण व्यवहारात बाकी पद्धतच चालते, कारण अंतिम हिशेबांना बाक्याच लागतात. बँकेची बाकी तेरजेत उतरवण्यापूर्वी बँक जुळवणी पत्रक, म्हणजे पासबुक आणि आपली वही यांतल्या फरकांची यादी, करून घ्यावे. बँकेने परस्पर कापलेले शुल्क किंवा न वटता परत आलेला धनादेश आपल्या वहीत आलेलाच नसतो, आणि तो न आल्याने तेरजेची जुळणी जराही बिघडत नाही.

तेरीज जुळली नाही तर फरक शोधण्याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. आधी तेरजेच्याच बेरजा पुन्हा माराव्यात. मग सगळी खाती आली का ते पाहावे. रोख आणि बँक ही दोन खाती खतावणीत नसून रोख पुस्तकातच असतात, म्हणून तीच नेमकी राहून जातात. नंतर फरकाइतकीच बाकी असलेले खाते आहे का ते शोधावे. असल्यास ते उतरवायचे राहिले असेल. मग फरकाच्या निम्म्या रकमेकडे वळावे. वरच्या उदाहरणात किरकोळ खर्चाचे 3,000 चुकून जमा रकान्यात गेले, तर नावे बाजू 2,75,000 आणि जमा बाजू 2,81,000 होते. फरक 6,000, त्याचे निम्मे 3,000, म्हणजेच उलट्या बाजूला पडलेली रक्कम.

फरकाला 9 ने निःशेष भाग जात असेल तर अंक उलटे लिहिल्याची दाट शंका घ्यावी. दोन शेजारचे अंक अदलाबदल झाले की होणारा फरक नेहमी 9 च्या पटीत असतो : दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असलेली संख्या 10अ + ब, उलटी 10ब + अ, वजाबाकी 9(अ − ब). ऋणकोंचे 16,000 तेरजेत 61,000 असे उतरले तर नावे बाजू 45,000 नी वाढते. 45,000 भागिले 9 म्हणजे 5,000. याचा अर्थ हजारांच्या आणि दहा हजारांच्या जागी असे दोन अंक शोधायचे ज्यांत 5 चा फरक आहे. 6 आणि 1 लगेच सापडतात. इथे एक सापळाही आहे. खरेदीची बाकीसुद्धा 45,000 च आहे, म्हणून घाईत ‘खरेदी राहिली’ असे वाटेल. पण खरेदी राहिली असती तर नावे बाजू कमी भरली असती. इथे ती जास्त आहे. फरक किती आहे याबरोबर तो कुठल्या बाजूला आहे हेही वाचले पाहिजे. शून्य गळल्याची चूकही 9 च्याच पटीत येते : 12,000 ऐवजी 1,200 लिहिले तर फरक 10,800, आणि त्याला 9 ने भागले की 1,200, म्हणजे चुकीने लिहिलेली रक्कमच, हातात येते.

इतके करूनही फरक सापडला नाही तर मागील वर्षाच्या बाक्या बरोबर पुढे आणल्या का ते पाहून एकेका नोंदीला खूण करीत जावे लागते. सवलतीच्या नोंदी इथे हमखास सापडतात. 20,000 येणे असलेल्या ग्राहकाने 19,600 देऊन हिशेब मिटवला, तर ग्राहकाच्या खाती 20,000 जमा, बँक 19,600 नावे आणि दिलेली सवलत 400 नावे असे तीन भाग होतात, तिसरा विसरतो. काम अडून राहू नये म्हणून फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकता येतो. चूक सापडली की जुनी नोंद न खोडता दुरुस्तीची नोंद करून उचंत खाते बंद करतात. उचंत खात्यातली रक्कम लहान आहे म्हणून ती तशीच सोडणे धोक्याचे आहे. 400 चा फरक एका 400 च्या चुकीने पडतो, तसाच 50,000 च्या आणि 49,600 च्या दोन विरुद्ध चुकांनीही पडतो.

जुळलेल्या तेरजेवर विसंबून राहण्याला मोठी मर्यादा आहे. व्यवहार मुळात लिहिलाच नाही, तर दोन्ही बाजू सारख्याच कमी पडतात. मूळ पुस्तकातच चुकीची रक्कम लिहिली, एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात योग्य बाजूला गेली, एकच बिल दोनदा चढले, किंवा एका चुकीने दुसरी भरून काढली, तरी तेरीज जुळते. सर्वांत घातक ती तात्त्विक चूक, म्हणजे रक्कम चुकीच्या प्रकारच्या खात्यात टाकणे. 80,000 ची यंत्रे खरेदी खात्यात टाकली तर एका महिन्याचा नफा 80,000 नी कमी दिसेल आणि ताळेबंदात यंत्रे दिसणारच नाहीत. तेरीज अंकगणिताची खात्री देते. नोंदीच्या खरेपणाची खात्री प्रमाणकापाशीच करून घ्यावी लागते.

संगणकावरील हिशेबप्रणालींनी हा मुद्दा अधिकच ठळक केला आहे. दोन्ही बाजू सारख्या नसलेली नोंद या प्रणाली सहसा स्वीकारतच नाहीत, आणि तेरीज एका कळीवर निघते. बेरजेच्या, बाजू चुकल्याच्या चुका त्यामुळे जवळपास संपल्या. न दिसणाऱ्या चुका जशाच्या तशा राहिल्या. आता तेरीज जुळवण्यापेक्षा ती ओळीओळीने वाचणे महत्त्वाचे. रोख खात्याला जमा बाकी दिसली तर कुठेतरी नक्की चूक आहे, कारण गल्ल्यात शून्याहून कमी पैसे असू शकत नाहीत. ऋणकोला जमा बाकी असेल तर त्याने आगाऊ रक्कम दिली असेल किंवा त्याचे विक्रीबिल चढायचे राहिले असेल. भाडे दरमहा 12,000 असताना वर्षअखेरीस 1,32,000 दिसले, तर अकराच महिन्यांची नोंद झाली आहे. तेरजेतील ऋणकोंची एकूण रक्कम ग्राहकवार यादीच्या बेरजेशी ताडून पाहणे आणि गल्ल्यातली रोकड प्रत्यक्ष मोजणे, ही कामे कुठलीही प्रणाली माणसासाठी करत नाही.

वर्षअखेरीस पहिल्या तेरजेनंतर समायोजनाच्या नोंदी होतात : घसारा (यंत्रांसारख्या मालमत्तेची झीज), देणे राहिलेले आणि आगाऊ दिलेले खर्च, येणे उत्पन्न. त्यानंतर दुरुस्त तेरीज काढतात. अखेरचा मालसाठा सहसा तेरजेत नसतो, कारण तो माल खरेदी खात्यात आधीच धरलेला असतो. तो मोजून, त्याचे मूल्य ठरवून अंतिम हिशेबांत घेतात. खरेदी, विक्री, भाडे यांसारखी नामधारी खाती नफा-तोट्यात जिरतात, उचल भांडवलातून वजा होते, आणि यंत्रे, मालसाठा, रोख, बँक, ऋणको, धनको, भांडवल यांसारखी मालमत्ता, देणी आणि भांडवलाची खातीच नव्या वर्षात जातात. त्यांची तेरीज नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, एकही व्यवहार लिहिण्यापूर्वी, काढून पाहावी. ती तेव्हा जुळली, तर पुढे कधी फरक पडल्यास मागचे वर्ष पुन्हा उघडावे लागत नाही.