तुणतुण्याला घोडी नसते

कोणी एकच गोष्ट लावून धरली की आपण म्हणतो, ‘झालं याचं तुणतुणं सुरू.’ वाद्यावर हा अन्यायच आहे.

नवरात्रात सोलापूरच्या रूपाभवानीच्या देवळाबाहेर एका गोंधळीबुवांचं तुणतुणं हातात घेऊन पाहिलं. पोकळ लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं, बाहेरून ठोकलेली काठी, तिच्या डोक्यावर खुंटी. कातड्याला मधोमध बारीक भोक, त्यातून निघालेली तार थेट खुंटीला. तारेच्या खालच्या टोकाला गुंडी. ती नसेल तर तार कातडं फाडून वर येईल.

तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तारेला खालून आधार देणाऱ्या पट्टीवरून, आडवी जाते आणि तिची थरथर घोडीमार्फत तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, उतरते. त्या रुंद घोडीची करामत सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडली. तुणतुण्याला मात्र घोडीच नाही, तार कातड्यावर जवळजवळ उभी. मग तार आडवी झुलल्यावर कातडं वर-खाली कसं होतं?

खुबी ताणात आहे. तार एका बाजूला गेली की केसभर लांबते, ताण वाढतो, कातडं वर ओढलं जातं. मधे आली की ढील. दुसऱ्या बाजूला गेली की पुन्हा ओढ. एका झोक्यात दोन हिसके! तार सेकंदाला १५० वेळा झुलली तर कातड्याला ३०० हिसके बसतात, म्हणजे वरच्या सप्तकातला सूर. पण खुंटी कडेच्या काठीवर असल्याने तार किंचित तिरपी असते, त्यामुळे मूळ सूरही त्यात मिसळतो. तो ‘तुण्ण’ असा दुहेरी आहे.

सूर चढवायला खुंटी पिळायची. मात्र सूर दुप्पट उंच हवा तर ताण चौपट लागतो. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं हे अशाच जातीचं तारेचं वाद्य; त्यात हा ताण हातानेच कमीजास्त करतात, म्हणून त्याचा आवाज घसरत, चढत बोलतो.

त्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता. दमट हवेत कातडं ओल पितं, सैलावतं, आणि त्याच्याच जिवावर ताणलेली तारही उतरते. बुवांनी तुणतुणं पालथं करून कातडं उन्हाकडे धरलं. थोड्या वेळाने तार छेडली, मान हलवली, आणि खुंटी उलटी थोडी सोडली.

“आता जास्तच चढलं,” म्हणाले.