मांजराच्या तोंडावरची खाज: आधी जागा बघा, मग औषध

नाकाच्या दांडीवर खपली धरलेले मांजर असो की हनुवटीवर काळे दाणे आलेले, घरोघरी दोघांनाही एकच मलम लागते. औषधाच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की मिळते ती ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि जोरकस स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असते. स्टेरॉइडने लाली उतरते, म्हणून गुण आला असे वाटते. खाली बुरशी असेल तर ती मात्र मोकाट पसरते, आणि पंजाने पुसून चाटलेले मलम पोटात जाते ते वेगळेच. मांजराच्या बाबतीत मलमाच्या आधी डोळे वापरावेत, कारण खाज तोंडावर नेमकी कुठे आहे यावरूनच निम्मे निदान होते.

मांजर जेवून सुस्तावले की त्याला खिडकीशी, उजेडात घ्या. हनुवटी वर उचलून केस उलटे सारा, मग नाकाची दांडी, ओठांच्या कडा, पापण्या आणि शेवटी कानांच्या कडा बघा. पिसवांची बारीक दातांची फणी मानेवरून आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा आणि निघालेली काळी कचर ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. मिनिटभरात कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. जखमेशेजारी रुपयाचे नाणे धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आठवड्याने वाढ झाली की नाही, हे आठवणीपेक्षा फोटो खरे सांगतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात पहिला संशय डासांवर घ्यावा. वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस, शेतात साचलेले पाणी, माडाखाली पडलेल्या करवंट्या. डासांना आणखी काय हवे? काही मांजरांना डासाच्या लाळेची ॲलर्जी असते. डास चावतो तो केस विरळ असतात तिथे, म्हणून नाकाच्या दांडीवर आणि कानांच्या बाहेरच्या बाजूला तांबडे फोड येतात, त्यांच्या खपल्या होतात, कधी नाकाचा काळा रंग फिका पडतो. पंजाच्या गाद्याही सुजू शकतात. याची परीक्षा सोपी आहे: मांजराला आठवडाभर जाळी लावलेल्या खोलीतच ठेवायचे. नवे फोड थांबले आणि जुने सुकू लागले तर कारण सापडले. करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, टायर आठवड्यातून एकदा उलटे करा, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. माणसांची डास पळवणारी क्रीम मांजराला चोळू नका.

हनुवटीवर मिरपुडीसारखे काळे दाणे दिसले तर ती बहुधा मुरुमे असतात. हनुवटीच्या कातडीत तेलग्रंथी दाटीने असतात आणि केसाच्या मुळाशी तेल साठून काळे पडते. खाज नसेल तर घाई नाही. दिवसातून दोनदा, कोमट पाण्यात पिळलेले मऊ फडके ५ मिनिटे हनुवटीला धरावे. लाली असेल तर ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसावे: २ टक्क्यांचे द्रावण ५ मिली आणि उकळून गार केलेले पाणी १९५ मिली. बाटलीवर टक्केवारी वाचा आणि त्यात सेट्रिमाइड किंवा स्पिरिट मिसळलेले नाही याची खात्री करा. हे द्रावण हनुवटीपुरतेच वापरायचे. डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते. दाणे पिळू नका, पिळले की केसाची पिशवी आतल्या आत फुटते आणि साध्या दाण्याचे गळू होते. प्लॅस्टिकच्या भांड्यावर सगळा दोष घालण्याइतका पुरावा नाही, पण त्याच्या ओरखड्यांत जिवाणू टिकतात. स्टीलची पसरट ताटली घ्या आणि रोज साबणाने घासा. एवढ्याने काही बिघडत नाही.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळ, पापण्या आणि मानेवर राखाडी, जाड, सुरकुतलेली खपली चढली आणि मांजर रक्त येईपर्यंत ओरबाडू लागले, तर ती लूत. नोटोएड्रेस कॅटी नावाचा किडा कातडीत बोगदे खणतो. कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि सतत डोके झटकणे असेल तर कानातले किडे, ओटोडेक्टेस. हे कातडी खणत नाहीत, पण खाजवून खाजवून गालाची आणि कानामागची चामडी सोलली जाते. दोन्हींचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत होते. सेलामेक्टिनसारखे औषध मानेच्या मुळाशी केस बाजूला करून थेट कातडीवर टाकतात, वजनानुसार आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. एकाच डोसावर थांबलात तर अंड्यांतून निघालेली पुढची पिढी पुन्हा उभी राहते. घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी द्यावे लागते, आणि अंगणात जेवायला येणारा बोका गणतीतून सुटला तर सगळे मुसळ केरात.

गोल, केस गळालेला, कोंडा धरलेला चट्टा, विशेषतः पिल्लाच्या तोंडावर, म्हणजे नायट्याचा संशय. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी माणसालाही लागते, लहान मुलांना आधी. बुरशी चमकून दिसावी म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या जांभळ्या टॉर्चवर विसंबू नका: कोंडा आणि मलमही चमकतात, आणि खऱ्या संसर्गात हिरवट चमक केसाच्या दांड्यात दिसते, खपलीत नव्हे. शिवाय काही संसर्ग मुळीच चमकत नाहीत. खात्री केसांच्या कल्चरनेच, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघण्यानेच होते, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. औषध पोटातून आणि अनेक आठवडे चालते. चट्ट्यावर केस आले म्हणून मध्येच सोडले की तो परत येतो. बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांवर वर्षभरही टिकू शकतात, म्हणून गोधड्या, उशा धुणे आणि रोज केर काढून ओले पुसणे हा उपचाराचाच भाग समजायचा.

ओले पुसणे म्हटले की फिनेल आलेच, आणि तिथे थांबा. फिनॉलवर्गातल्या रसायनांचा निचरा मांजराचे यकृत नीट करू शकत नाही, कारण ती बाहेर टाकण्यासाठी लागणारी विकरे त्याच्याकडे तोकडी असतात. फरशीवर चालून पंजे चाटले तरी त्रास होतो. जखमेवर जंतुनाशक म्हणून लावणे तर नकोच. परमेथ्रिन हे कीटकनाशक त्याहून घातक. ते असलेले कुत्र्याच्या पिसवांचे थेंब ‘अर्धेच टाकले’ तरी मांजराला काही तासांत कंप आणि झटके येतात. चुकून टाकले असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने लगेच धुवा आणि तडक दवाखाना गाठा. टी ट्री तेल आणि रॉकेलही याच यादीत.

खपली किंवा लूत नसताना मांजर बारा महिने डोके आणि मान ओरबाडत असेल, तर आधी पिसवांचा बंदोबस्त करा, मग ताटलीकडे वळा. अन्नाची ॲलर्जी नव्या पदार्थाचीच होते असे नाही. वर्षानुवर्षे खाल्लेल्या बांगड्याची किंवा तारल्याचीही होते. रक्ताच्या तपासणीने ती भरवशाने कळत नाही. ८ आठवडे फक्त एकच, आधी कधीही न खाल्लेले मांस द्यायचे, किंवा डॉक्टरांनी सांगितलेले खास खाद्य. घरात चालत असेल तर डुकराचे मांस गोव्यात सहज मिळते, पण नुसत्या शिजवलेल्या मांसात कॅल्शियम कमी पडते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि चाचणीपुरतेच. हा प्रयोग फसतो तो बहुधा शेजारच्या बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, जिथे मासे साफ करताना एक डोके सहज भिरकावले जाते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

पांढऱ्या कानांच्या, गुलाबी नाकाच्या मांजराला सकाळी १० ते दुपारी ४ उन्हात लोळू देऊ नका. कानाच्या टोकावर तीन आठवड्यांत न भरणारी खपली असेल तर ती साधी खाज समजू नका. त्वचेचा कर्करोग असाच सुरू होतो, आणि वेळेत कानाचे टोक कापले तर मांजर बरे होऊ शकते. झिंक ऑक्साइडची सनक्रीम चाटून पोटात गेली की विषारी ठरते.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरी करता येते ते एवढेच: अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात छोटा सपाट चमचाभर मीठ, सुमारे ५ ग्रॅम, विरघळवून कापसाने खपल्या भिजवायच्या, ओढायच्या नाहीत. ओरबाडू नये म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर येईल अशी बांधा, आणि मागच्या पायांची नखे कापा. डोळा मिटून घेतला, तोंड झपाट्याने सुजले किंवा मांजराने २४ तास अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट पाहू नका. तपासणीच्या आधी दोन दिवस मलम, तेल असे काहीही लावू नका; तेलकट खपलीत किडा किंवा बुरशी शोधणे अवघड जाते. घरात कुणाच्या हाताला किंवा पोटाला खाज सुटली असेल तर ते पशुवैद्यकांना सांगा, आणि स्वतःच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगायला विसरू नका.