हॉर्न्सबीचं इंजिन, नाव मात्र दुसऱ्याचं

डिझेल इंजिन म्हटलं की रुडॉल्फ डिझेल, हे शाळेपासून डोक्यात बसलंय. पण डिझेलसाहेबांचं पहिलं धड चाललेलं इंजिन १८९७ चं, आणि त्याच्या पाच वर्षं आधीपासून इंग्लंडमधल्या ग्रँथम गावची रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स ही कंपनी तेलावर चालणारी इंजिनं बनवून विकत होती. १८१५ ची कंपनी, मूळ धंदा नांगर, शेतीची अवजारं, वाफेची इंजिनं.

डोकं मात्र हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज संशोधकाचं. असं सांगतात की १८८५ मध्ये त्याच्या हातून वितळलेल्या कथलात रॉकेल सांडलं, वाफ झाली आणि जवळच्या दिव्याने पेटली. बाकीचे घाबरले असते, याने इंजिन काढलं! १८९० ला पेटंट, १८९१ मध्ये हक्क हॉर्न्सबीकडे.

आता ते चालायचं कसं? सिलिंडरच्या मागे निमुळत्या मानेचा लोखंडी चंबू लावलाय असं समजा. आपल्या पंपाच्या स्टोसारखा भर्रभर्र करणारा दिवा त्याच्याखाली लावायचा, पाच-दहा मिनिटं चंबू चांगला तापवायचा आणि मग ते भलंमोठं चाक हाताने फिरवायचं. तेल तापलेल्या चंबूत पडतं, त्याची वाफ होते, पिस्टन, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या, परत येताना मानेतून हवा आत कोंबतो, मिश्रण जमलं की भडका, आणि मग त्या भडक्यांनीच चंबू तापलेला राहतो म्हणून दिवा काढून टाकायचा. ना ठिणगी ना बॅटरी. इंग्लंडमधल्याच हल शहरातल्या प्रीस्टमन बंधूंचं तेल इंजिन याच्याही आधीचं, पण त्याला ठिणगीसाठी बॅटरी लागायची, आणि त्या काळी खेड्यात बॅटरी म्हणजे नसती कटकट. अर्थात हॉर्न्सबीचंही एक नाटक होतं, बराच वेळ लोड नसेल तर चंबू गार पडायचा, की परत दिवा.

मग डिझेलने आयडिया ढापली का? काही इंग्रज लोक अजून तावातावाने तसं म्हणतात, मला पटत नाही. डिझेलने हवा इतकी दाबली की ती दाबानेच तापून तेल पेटवते, चंबूची गरजच नाही. हॉर्न्सबीकडे दाब कमी होता, पेटवायचं मुख्य काम गरम लोखंडाचं. पण गंमत बघा, हॉर्न्सबीच्याच कारखान्यात दाब वाढवून चंबू न तापवता इंजिन चालवायचा प्रयोग झाला होता म्हणतात, तोही १८९२ मध्येच. पुढे नेला असता तर? जाऊ दे.

हातातलं असं सोडून देणं हे हॉर्न्सबीचं नेहमीचंच दिसतं. त्यांच्या डेव्हिड रॉबर्ट्सने १९०४ मध्ये चाकांऐवजी साखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, ब्रिटिश सैन्याने ट्रायल घेतल्या, जवानांनी कौतुकाने सुरवंट नाव ठेवलं, पण ऑर्डर काही फारशा आल्या नाहीत. शेवटी कंटाळून पेटंट अमेरिकेच्या होल्ट कंपनीला विकलं, ४००० पौंडांना. आणि पहिलं महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश सैन्याने तोफा ओढायला ट्रॅक्टर कुणाचे घेतले? होल्टचे.