खडीसाखर नको, लिमलेटची गोळी हवी

‘सफरचंदाच्या स्टेम सेल्स’ असलेल्या क्रीमची जाहिरात परवा पाहिली. बाटलीत असतो तो पेशी फोडून काढलेला अर्क. फुटलेली पेशी कुणाचं तारुण्य परत आणणार? पेशी जिवंत ठेवणं हे खरं कौशल्य आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही.

जपानमध्ये तयार झालेल्या, झाडाबाहेर प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या तंबाखूच्या ‘बीवाय-२’ पेशी बघा. चंबूतल्या द्रवात त्या अंधारात वाढतात आणि फिक्या पिवळ्या, रवाळ दिसतात. साखर आयती मिळते, म्हणून हरितद्रव्याची गरज नाही. प्राणवायू मिळावा म्हणून चंबू सतत हलता ठेवायचा. वाढीसाठी लिटरला ०.२ मिलिग्रॅम टू-फोर-डी पुरतं. हो, आपले शेतकरी तणावर मारतात तेच. आठवड्यात पेशी ऐंशी ते शंभर पट होतात. मग त्यातला चमचाभर भाग नव्या चंबूत घालायचा, दर आठवड्याला, दिवाळी असो की गणपती. एवढं करूनही पिढ्यांमागून पिढ्या पेशी हळूहळू बदलत जातात. औषधासाठी हे परवडत नाही. गोशे या आजारावरचं, गाजराच्या पेशींत बनणारं औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. तिथे पेशी कायम त्याच लागतात.

मग गोठवायच्या. पण फ्रीजरमधून काढलेल्या कोथिंबिरीचं काय होतं ते ठाऊक आहेच: बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून आधी मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे साखरेसारखे पदार्थ घालून पेशींतलं पाणी कमी करतात, मग डीएमएसओ आणि ग्लिसरॉल ही गोठताना पेशींना जपणारी रसायनं देतात, आणि मिनिटाला साधारण एक अंश या गतीने उणे ३५-४० पर्यंत नेतात. गंमत इथे आहे. बर्फ आधी पेशीबाहेर होतो. उरलेला द्रव दाट होतो आणि परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. घाई केली तर पाण्याला निघायला वेळ मिळत नाही आणि बर्फ आतच होतो. फार रेंगाळलात तर पेशी सुकून मरते. नीट जमलं तर आत पाकासारखा घट्ट द्रव राहतो. तो उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की स्फटिक न होता काचेसारखा थिजतो. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी, दोन्ही साखरच. एकीत स्फटिक, दुसरीत काच. आपल्याला गोळी हवी.

वितळवताना मात्र उलट, घाईच करायची. कुपी थेट ४० अंशांच्या कोमट पाण्यात, कारण रेंगाळलं तर वाटेत स्फटिक धरतात. मग पेशी घट्ट माध्यमावर, म्हणजे त्यांच्या अन्नाच्या जेलीसारख्या थरावर, पसरायच्या आणि वाट बघायची. काही दिवस काहीच दिसत नाही. मग एका कडेला पिवळसर रवा उमटतो.