वेंगुर्ले

वेंगुर्ले (वेंगुर्ला) : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि कोकणातील जुने बंदर. कारभार नगरपरिषदेचा असला, तरी गावाची घडण खेड्याचीच आहे. चिऱ्यांची कौलारू घरे, परसात माड-पोफळी, टेकडीवर काजूच्या बागा आणि जेवणवेळेनंतर सामसूम होणारी बाजारपेठ.

ही शांतता मुळातली नाही. व्यापार उठून गेल्यामुळे आलेली आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ही जागा त्यांना सोयीची होती. वखारीच्या जाड भिंती आजही पडक्या अवस्थेत उभ्या आहेत आणि त्यांची याहून बरी निगा राखली जायला हवी. १८१२ मध्ये सावंतवाडीकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. त्यांच्या छावणीचा भाग अजून ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखला जातो. बेळगावकडचा माल घाट उतरून याच बंदरात येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली आणि माल तिकडे वळला. शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून निघून गेली.

तालुक्याचा किनारा मात्र भरलेला आहे. उभादांड्याचा सागरेश्वर, खाडीच्या मुखाशी असलेले मोचेमाड, खवणे, सुरूच्या बनाचे शिरोडे आणि दक्षिण टोकाला रेडी. शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता.

पर्यटकांना वाळूचा पट्टा दिसतो. गाबीत मच्छीमारांसाठी ते कामाचे ठिकाण आहे. रापण पाहिल्यावर हे कळते. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळे सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी ओढ सुरू होते. माणसे टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकतात आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. जाळे आटत आले की पाणी फडफडू लागते. बांगडे, तारल्या, कधी नुसता पालापाचोळा. मिळकत ठरल्याप्रमाणे वाट्यांनी वाटली जाते. यांत्रिक नौकांच्या मासेमारीमुळे रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, आणि ही हानी केवळ उत्पन्नाची नाही : अख्खी वाडी ज्यात उतरते असे दुसरे काम किनाऱ्यावर फारसे उरलेले नाही.

आरवलीचा वेतोबा हे तालुक्याचे मोठे श्रद्धास्थान. नवस फेडायला त्याला केळीचे घड आणि कातडी चपलांचे भले मोठे जोड वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून चपला झिजतात, असे भाविक मानतात.

येथील फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती आणि ‘रत्ना’, ‘सिंधू’ हे संकरित आंबे येथलेच. कोकणातल्या बागायतदाराला वेंगुर्ल्याची ओळख समुद्रापेक्षा या कलमांमुळे अधिक आहे. घरोघरी वर्गीकरण करून घेतलेल्या कचऱ्यापासून खत आणि बायोगॅस करण्याच्या कामासाठीही नगरपरिषद राज्यभर नावाजली गेली.

किनाऱ्यापासून सुमारे १५ किमी आत ‘वेंगुर्ला रॉक्स’ हा खडकाळ बेटांचा समूह असून त्यावर दीपगृह आहे. तेथल्या गुहांत भारतीय पाकोळी हा पक्षी लाळेपासून घरटी बांधतो. या घरट्यांची चोरटी तोड पूर्वी उघडकीस आली आहे, त्यामुळे विणीच्या काळात बेटांकडे हौशी सहली न नेणेच योग्य.

चिपी विमानतळ (२०२१) याच तालुक्यात आहे. रेल्वेने येणारे कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून एसटीने येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि पोहायला उतरणे जिवावर बेतते.