आईनं बाळाला न दिलेली जनुकं

जास्त शिकलेल्या आईचं बाळ जन्मताना सरासरीनं जास्त वजनाचं असतं, असं अनेक देशांच्या आकडेवारीत दिसतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं कमी शिकलेल्या आयांच्या पोटी अधिक जन्मतात, हेही खरं. पण ‘शिक्षणामुळे वजन वाढतं’ हे पुढचं वाक्य आकडेवारीत नसतं, ते आपण पदरचं जोडतो. शिकलेली आई बहुधा सुस्थितीतल्या घरातली असते, सिगारेट कमी ओढते, तपासण्या वेळेवर करून घेते, लहानपणी नीट खायला मिळाल्यानं उंचही असते. यातलं नेमकं काय बाळाच्या वजनापर्यंत पोचतं? चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलींना शिकवायचं आणि अर्ध्यांना घरी बसवायचं, असा प्रयोग कुणी करू शकत नाही आणि करूही नये.

चिठ्ठ्या मात्र निसर्ग टाकतच असतो. आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बाळाला त्यातली एकच मिळते. कोणती, हे नाणेफेकीसारखं ठरतं. हा मेंडेलचा नियम आपण शाळेत वाटाण्याच्या रोपांवर शिकतो. आपलं सगळं लक्ष बाळाला मिळालेल्या प्रतीकडे असतं. मला मात्र मागे राहिलेली प्रत जास्त मोलाची वाटते. ती बाळात नसते, पण आईच्या शरीरात नऊ महिने काम करत असते आणि बाळ त्याच शरीरात वाढत असतं. तिचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला, तर तो आईच्या शरीरातून किंवा तिच्या वागण्या-राहण्यातून आलेला असणार.

याचं सर्वात सुंदर उदाहरण 1998 सालचं आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांचे सहकारी ग्लुकोकायनेज या जनुकाचा अभ्यास करत होते. रक्तात साखर किती आहे हे स्वादुपिंडाला या जनुकामुळे ‘कळतं’. आईची एक प्रत बिघडलेली असेल तर तिची साखर थोडी चढी राहते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं, आणि गर्भात इन्शुलिन वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं. अशा बाळाचं वजन सुमारे 600 ग्रॅमनी वाढतं. आता उलट बघा. आई निरोगी, पण बाळाला बिघडलेली प्रत वडिलांकडून आली. त्याच्या स्वादुपिंडाला साखर कमी जाणवते, इन्शुलिन कमी सुटतं आणि वजन सुमारे 530 ग्रॅमनी घटतं. आणि बिघाड आई आणि बाळ या दोघांतही असेल तर? एक परिणाम दुसऱ्याला खोडून काढतो आणि बाळाचं वजन जवळपास नेहमीसारखं भरतं! एकच जनुक, पण ते आईत आहे की बाळात यावर वजनाची दिशा ठरते.

शिक्षणासाठी असं एखादं जनुक नाही. 2022 साली सुमारे 30 लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेल्या जवळपास 4,000 जागा डीएनएत सापडल्या. प्रत्येकीचा वाटा नगण्य. सगळ्यांची बेरीज करून जो जनुकीय गुणांक बनतो, तो युरोपीय वंशाच्या लोकांतही शिक्षणातल्या फरकांपैकी फार तर 12 ते 16 टक्के भाग सांगतो. एवढ्या भांडवलावर ‘तुमचं मूल किती शिकेल’ याचे अहवाल विकणं म्हणजे जन्मपत्रिकेला प्रयोगशाळेचा कोट घालणं आहे. हजारो माणसांच्या सरासरीसाठी हा गुणांक उपयोगी आहे, एका मुलाच्या भविष्यासाठी नाही.

सरासरीसाठी तो किती कामाचा, हे 2018 साली आइसलंडमध्ये दिसलं. आईवडिलांच्या न दिलेल्या प्रतींवरून काढलेला गुणांकही मुलांच्या शिक्षणाशी जोडलेला होता. त्याचा प्रभाव दिलेल्या प्रतींच्या सुमारे 30 टक्के होता. मुलाकडे नसलेली जनुकं घरामार्फत त्याच्यापर्यंत पोचत होती.

हीच युक्ती जन्मवजनाला लावता येते, पण सांभाळून. गुणांकातल्या प्रती फक्त शिक्षणावरच काम करतात असं नाही. त्या धूम्रपानाशी आणि उंचीशीही जोडलेल्या असतात. उंचीचं कोडं याच पद्धतीनं थोडं सुटलं आहे. 2015 सालच्या एका अभ्यासात उत्तर युरोपातल्या सुमारे 3,500 आई-बाळांच्या जोड्या तपासल्या. उंच आईचं बाळ वजनदार असतं ते मुख्यतः बाळाला मिळालेल्या जनुकांमुळे, असं दिसलं. गर्भ किती दिवस पोटात राहतो याच्याशी मात्र आईच्या न दिलेल्या प्रतींचाही संबंध आढळला.

खरा पेच सोडवायला वडील लागतात. वडिलांची न दिलेली प्रत बाळात नसते आणि गर्भाशयातही नसते. ती बाळापर्यंत पोचलीच तर घरातून, कमाईतून, आईच्या काळजीतून पोचणार. वडिलांचा आणि आईचा परिणाम सारखा निघाला तर बोट घराकडे दाखवावं लागेल, आईचा बराच मोठा निघाला तर गर्भाशयाकडे. यात एक भेसळ होते. शिकलेली माणसं शिकलेल्यांशी लग्न करतात, त्यामुळे आईच्या न दिलेल्या प्रती वडिलांनी दिलेल्या प्रतींशी थोड्या जुळतात. म्हणून आई, वडील आणि बाळ अशा तिघांचेही नमुने लागतात आणि गणितात तिघांचे गुणांक एकदम मांडावे लागतात. नॉर्वेनं 1999 पासून दहाएक वर्षं गरोदर स्त्रियांची नोंदणी केली तेव्हा वडिलांनाही सामील करून घेतलं. तिथे आज सुमारे 95,000 आया, 75,000 वडील आणि 1,14,000 मुलं यांची माहिती आहे.